ओला वास, आजाराचा वास

वडगावात जूनपासून काहीच धड वाळत नाही. ना गोधड्या, ना आमचा मोत्या. भिजलेल्या कुत्र्याला वास येणारच. अंगावरच्या जंतूंनी आणि यीस्टने तयार केलेली द्रव्यं पाण्याच्या वाफेबरोबर हवेत येतात. अंग वाळलं की वास ओसरतो. वाळल्यावरही राहिला, तर मात्र सासूबाईंसारखं ‘पावसाळाच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

मी आधी कान हुंगते. आंबूस वास, तपकिरी मळ, सारखी मान झटकणं म्हणजे बहुधा संसर्ग. अशा कानात घरचं तेल ओतू नका. आतला पडदा फाटलेला असला तर नुकसान होतं. शेपटीखालून सडक्या मासळीसारखा वास येतो आणि कुत्रं बूड जमिनीवर घासतं, तेव्हा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबलेल्या असू शकतात. तोंडाची घाण बहुतेकदा दातांवरच्या किटणाची. ती लघवीसारखी वाटली, तर मूत्रपिंडं तपासून घ्यावीत.

दोन बाबतींत मी ‘उद्या बघू’ म्हणत नाही. केसांआडच्या जखमेला कुजका वास येऊ लागला, की अळ्या पडलेल्या असू शकतात. आपल्याकडच्या पावसात माश्या त्यासाठी टपलेल्याच असतात. आणि माज होऊन काही आठवड्यांनी कुत्री मलूल झाली, फार पाणी पिऊ लागली, मागून घाण स्राव आला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. मग पाऊस असो की लोणावळ्याच्या पर्यटकांची वाहनकोंडी, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यात बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

बाकी वेळी आपला साबण टाळा, त्याने कातडी कोरडी पडते. कुत्र्यांचा शाम्पू वापरा आणि काखा, बोटांच्या बेचक्या जुन्या सुती धोतराने नीट कोरड्या करा.