रात्रपाळी अंगवळणी पडते काय?

परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा करून एखाद्या मोठ्या रुग्णालयात नुकतीच रुजू झालेली अधिपरिचारिका ड्यूटी लिस्टवर आपल्या नावापुढे पहिल्यांदा ‘नाइट’ लिहिलेले पाहते, तेव्हा तिच्या पदरी पडणारा पहिला सल्ला बहुधा एकाच वाक्याचा असतो : ‘‘पंधरा दिवस जड जातील, मग सवय होते.’’ हा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठ सिस्टर मनाच्या प्रेमळ असतात, आणि स्वतःच्या प्रदीर्घ नोकरीचा दाखलाही त्यांच्यापाशी तयार असतो. तथापि शरीरविज्ञानाच्या कचेरीत हा दाखला ग्राह्य धरला जात नाही, आणि रात्रपाळीविषयीचे इतर बहुतेक गैरसमज या एकाच गैरसमजाच्या पोटी जन्मास आलेले असल्यामुळे प्रथम त्याचाच खुलासा करणे इष्ट आहे.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या दोन चेता जेथे एकमेकींना छेदतात त्या स्थानाच्या किंचित वर, काही हजार पेशींचा एक सूक्ष्म पुंजका आहे. निद्रा, जागृती, शरीराचे तापमान, पचन आणि अनेक अंतःस्रावांचे वेळापत्रक त्याच्या अंमलाखाली चालते. त्याचे स्वतःचे आवर्तन चोवीस तासांहून थोडेसे अधिक असते, आणि रोज डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाने ते जुळवून घेतले जाते. पेशीच्या आत हे आवर्तन कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता रात्रभर जागलेली परिचारिका सकाळी ओव्हर (म्हणजे पुढच्या पाळीकडे कामाचा ताबा) देऊन रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडते न पडते तोच लख्ख ऊन तिच्या डोळ्यांत शिरते आणि त्या पुंजक्याला ‘दिवस उजाडला’ अशी वर्दी देते. सबब तिचे अंतर्गत वेळापत्रक रात्रीशी तडजोड करू लागण्यापूर्वीच पुन्हा मूळ पदावर येते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांच्या अभ्यासांचा जो आढावा घेण्यात आला, त्यात रात्री स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या अंतःस्रावाचे चक्र संपूर्णपणे उलटलेल्यांचे प्रमाण शेकडा तीनांहूनही कमी आढळले.

मग त्या ज्येष्ठ सिस्टर खोटे बोलतात काय? मुळीच नाही. अपुऱ्या निद्रेवर सलग दिवस काढणाऱ्या माणसांवर जे प्रयोग झाले त्यांत असे दिसले, की पहिल्या काही दिवसांनंतर ‘मला झोप येते आहे’ ही तक्रार वाढायची थांबते, परंतु अवधान आणि प्रतिक्रियेचा वेग मात्र दिवसागणिक घसरतच राहतो. सवय होते ती थकव्याची जाणीव न होण्याची, आणि औषधांचे कपाट जिच्या हवाली केलेले असते तिच्या बाबतीत ही सवय भूषणावह म्हणता येणार नाही.

दुसरा गैरसमज पहिल्या रात्रीचा. नवी परिचारिका त्या दिवशी नेहमीप्रमाणे सकाळी सहाला उठते, दिवसभर कामे उरकते आणि रात्री टवटवीत चेहऱ्याने हजर होते. पहाटे पाचाच्या सुमारास ती तेवीस तास जागी असते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी जागरण आणि मद्य यांचे परिणाम एकाच कसोटीवर मोजले, तेव्हा सतरा तासांच्या जागरणानंतरची हस्तनेत्रसमन्वयाची घसरण रक्तात शेकडा ०.०५ मद्यांश असतानाच्या घसरणीइतकी भरली. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. याचा इलाज अगदी साधा आहे : पहिल्या रात्रीच्या आधी दुपारी खोलीत अंधार करून दीड-दोन तास झोपावे, आणि घरच्यांनी त्यास आळस समजू नये.

चहाविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते, कारण रात्रीच्या वॉर्डात मावशीने आणलेला तो अर्धा कप ज्याने घेतला आहे त्यास त्याची निंदा करवणार नाही. पण निंदा चहाची नव्हेच, वेळेची आहे. चहा-कॉफीतील कॅफीनचा अंश रक्तात निम्म्यावर येण्यास सर्वसाधारणपणे पाच-सहा तास लागतात. म्हणून रात्रीच्या पूर्वार्धातला चहा कामास येतो. पहाटे पाचचा कप मात्र सकाळी नवाच्या झोपेतून आपली वसुली करतो.

‘नाइट म्हणजे निवांत ड्यूटी’ असेही बाहेरच्यांना, आणि क्वचित प्रशासनालाही, वाटते. डॉक्टरांचे राऊंड नसतात, नातलगांची वर्दळ नसते, हे खरे. परंतु माणसे कमी असतात आणि काम पहाटेच्या दोन तासांत एकवटते. ताप-नाडीच्या नोंदी, उपाशीपोटीच्या रक्ताचे नमुने, सकाळच्या ऑपरेशनची तयारी, इन्टेक-आउटपुटच्या बेरजा आणि ओव्हरची वही हे सारे नेमके अशा प्रहरी करावे लागते, की ज्या वेळी शरीराचे तापमान नीचतम बिंदूच्या आसपास आणि मेंदूचे अवधान अत्यंत क्षीण असते. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांसारखी औषधे या वेळी एकटीच्या भरवशावर देऊ नयेत. शेजारच्या वॉर्डातील सिस्टरला हाक मारून मात्रा पडताळून घ्यावी. तिला कमीपणा वाटेल वा आपल्याला वाटेल, या भिडेपोटी ही तजवीज टाळणे हा खरा बेजबाबदारपणा होय.

याच संदर्भात डुलकीचा प्रश्न येतो. वॉर्ड उघडा टाकून झोपणे आणि सहकारिणीस सांगून, तिच्या हाती काम सोपवून, विश्रांतीच्या वेळेत वीस मिनिटे डोळे मिटणे या दोहोंना एकाच शिक्षेस पात्र ठरवणारे प्रशासन शिस्त राखत नसते, केवळ शिस्तीचा देखावा राखत असते. अशा अल्पनिद्रेने अवधान सुधारते, हे वारंवार दिसून आलेले आहे. मात्र उठल्याबरोबर काही मिनिटे डोके जड असते, तेवढा वेळ जाऊ द्यावा आणि मगच सुईस हात लावावा.

परतीच्या वाटेवर, ‘घर येईपर्यंत निभावते’ हा समज प्राणघातक आहे. मेंदू काही सेकंदांपुरता झोपी जातो, आणि डोळे उघडे असूनही रस्ता दिसत नाही. तेव्हा स्कूटरपेक्षा बस, लोकल किंवा कुणाची सोबत बरी. घरी पोहोचल्यावर सासू-सासऱ्यांना, आईला वा हॉस्टेलवरील मैत्रिणींना हे सांगणे भाग आहे की दिवसाची झोप रात्रीइतकी लांबत नाही. शरीराचे तापमान चढत असते आणि कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, दारावरची घंटा ही उरलेसुरले पुरे करतात. जाड पडदा, बंद केलेला फोन आणि सकाळची झोप अपुरी पडल्यास संध्याकाळी आणखी एक लहान झोप, एवढ्याने पुष्कळ साधते. झोपेच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत, आणि वॉर्डच्या साठ्यातून तर कदापि नाही.

कर्करोगाच्या भयाविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीस ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले. हा वर्ग पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे आकारमान सांगत नाही. बकऱ्याचे मटणही ज्यात मोडते ते तांबडे मांस त्याच वर्गात आहे. चार महिन्यांच्या नोकरीत घाबरून जाण्याजोगे त्यात काही नाही, आणि वर्षानुवर्षे एकाच व्यक्तीला रात्रीवर ठेवणाऱ्यांनी दुर्लक्ष करावे असेही नाही.

त्यांच्याच अखत्यारीतील आणखी एक गोष्ट म्हणजे पाळ्यांचा क्रम. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीरास उलट क्रमापेक्षा अधिक सोसतो, कारण आतले आवर्तन लांबवणे हे आखडण्यापेक्षा सोपे असते. तो आखणे इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन यांच्या हाती आहे, नव्या मुलीच्या नाही. तिच्या हाती आहे ते एवढेच, की तिला अपस्माराचा, इन्सुलिनवर असलेल्या मधुमेहाचा किंवा मनाच्या तीव्र चढउतारांचा आजार असेल, तर तो संकोचाने लपवू नये. जागरणाने अपस्माराचा झटका येऊ शकतो, हे तिला पुस्तकातूनही ठाऊक असते. रात्रपाळीतून सूट मागणारा अर्ज वैद्यकीय दाखल्यासह पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लागण्यापूर्वी मेट्रनच्या दप्तरी पोहोचला, तर लागलेली लिस्ट फिरवण्याची आणि त्यापायी कुणा दुसरीची रजा मोडण्याची पाळी येत नाही.