बिनबाह्यांचा टॉप : आधी मुंढा, मग पट्टी

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सैलसर सुती, बिनबाह्यांच्या टॉपसारखा सुखाचा कपडा नाही. तो घरीही शिवता येतो. बाही नसल्यामुळे शिलाई कमी लागते, पण मुंढ्यातली चूक झाकायलाही काही उरत नाही. म्हणून यात खरं काम मुंढ्याचं आहे.

कापड खादीचं घेतलंत तर उत्तम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीला १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं अधिवेशन भरलं होतं. खादीची या भागाशी ओळख जुनी आहे. मात्र खादी पहिल्या धुण्यात आटते. कापण्याआधी ती पाण्यात भिजवून वाळवा आणि इस्त्री करा. कमरेखालपर्यंतच्या टॉपला दीड मीटर पुरतं.

आता मापं. छाती ३६ इंच असेल तर ३ इंच सैलपणा धरून ३९. त्याचा चौथा भाग पावणेदहा. घडीच्या कागदावर एवढी रुंदी घ्या आणि बाजूला १ इंच दाब ठेवा. हा दाबच पुढे दुरुस्तीला उपयोगी पडतो. खांद्याच्या निम्म्या मापातून पाऊण इंच कमी करा, म्हणजे कड खांद्याच्या हाडावरून घसरणार नाही. मुंढ्याची खोली या छातीला साधारण ७ इंच. बाहीच्या ब्लाउजपेक्षा मुंढा अर्धा इंच वर ठेवावा, नाहीतर बगलेतून आतलं दिसतं. बटण किंवा चेन लावायची नसेल तर गळ्याचा घेर किमान २४ इंच हवा, तरच डोकं सहज जातं. पुढच्या भागाला बाजूने छातीकडे टक्स द्या. त्याचं टोक छातीच्या उंच बिंदूच्या १ इंच अलीकडे थांबवा. टक्स जेवढा रुंद, तेवढी पुढच्या भागाची बाजू लांब कापा.

टक्स, खांदे आणि बाजू आधी कच्च्या टाक्यांनी जोडा. मुंढ्याला पट्टी अजिबात लावू नका. टॉप अंगात घालून आरशासमोर उभ्या राहा, हात वर करा, धानाच्या रोवणीला वाकतो तशा वाका. मग एकेक पाहा :

छातीवर आडव्या सुरकुत्या ताणल्या जात असतील, तर दोन्ही बाजूंची शिलाई सारखीच सोडा. ढगळ वाटत असेल तर तेवढीच आत घ्या.

पुढचा मुंढा फुगून उभा राहत असेल, तर जादा कापड छातीच्या दिशेने चिमटीत धरा. तिथेच छोटा टक्स घ्या. पुढच्या वेळी कागदावर तेवढा चिमटा मुंढ्यात मिटवून बाजूच्या टक्समध्ये उघडा.

पुढचा गळा सुटत असेल, तर खांद्याची शिलाई गळ्याच्या टोकाला पाव इंच आत घेऊन बाहेरच्या टोकाला शून्यावर आणा. गळा थोडा लहान होईल, म्हणून डोकं जातं ना, ते पुन्हा पाहा.

बगलेत काचत असेल, तर लगेच कापू नका. मुंढ्याचा दाब अजून दुमडलेला नसल्याने तो घट्ट भासतो. आधी दाबाला छोटे काप द्या. तरीही काचलं तरच तळाशी पाव इंच खोल करा. कापलेलं परत जोडता येत नाही.

बसणी पटली की पक्की शिलाई मारा. सव्वा इंच रुंद तिरकी पट्टी कापा. ती मुंढ्याच्या गोलाईवर किंचित ताणून लावा, दाबाला काप द्या, आत दुमडून टीप मारा आणि इस्त्री करा. पट्टी ढिली लागली, तर चांगला मुंढाही लाटा मारतो.

शेवटी, केलेली प्रत्येक दुरुस्ती कागदावर उतरवा. गडचिरोलीतल्या आरमोरीचा कोसा ऐनाच्या पानांवर पोसलेल्या किड्यांपासून होतो, आणि तो महाग असतो. त्याला कात्री लावायची, तर याच तपासलेल्या कागदावर लावा.