नजरेच्या उडीचा माग

आरशासमोर उभं राहून नजर डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर न्या. स्वतःचे डोळे हललेले दिसत नाहीत. शेजारच्याला मात्र ते सरकन हललेले दिसतात. या उडीला शास्त्रज्ञ ‘सॅकेड’ म्हणतात. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला 500 अंशांच्या पुढे जातो. एवढा वेग येतो कुठून, हे कळायला 1960 नंतरची दोन-तीन दशकं लागली.

सुरुवात एका इंजिनिअरनं केली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी 1963 मध्ये डोळ्यावरच्या भिंगात तारेचं वेटोळं बसवलं आणि चुंबकीय क्षेत्रात डोळ्याची हालचाल अचूक मोजली. पुढे चित्र स्पष्ट होत गेलं. स्नायूंना आधी जोराचा झटका मिळतो, मग डोळा नव्या जागी टिकवणारा स्थिर ताण. झटका देणाऱ्या पेशी ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, असतात आणि एरवी दुसऱ्या पेशी त्यांना थोपवून धरतात. उडीच्या क्षणी या पहारेकरी पेशी गप्प होतात. उडी कुठे मारायची, यात सुपीरियर कॉलिक्युलस या मेंदूतल्या भागाचा मोठा वाटा असतो. वुर्ट्झ आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी 1972 मध्ये जाग्या माकडांवर हा वाटा तपासला.

याच सुमारास मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. नोशिर वाडियांना काही वेगळंच दिसत होतं. चालताना झोकांड्या खाणाऱ्या काही रुग्णांना ‘या बोटाकडे बघा, आता त्या बोटाकडे’ म्हटलं, की त्यांची नजर उडी न मारता रेंगाळत सरके. हा दोष घराण्यात उतरत होता. अशा नऊ कुटुंबांची नोंद वाडिया आणि स्वामी यांनी 1971 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात छापली. पुढे या आजाराची ओळख ‘एससीए 2’ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2) अशी पटली. त्याचं जनुक 1996 मध्ये सापडलं.

मला सगळ्यात रंजक वाटतो तो 1976 चा प्रयोग. सॅकेड म्हणजे सुटलेला बाण, वाटेत वळवता येत नाही, असा तोवरचा समज. डेव्हिड झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी वाडियांच्या रुग्णांसारखेच संथ नजरेचे रुग्ण तपासले. लक्ष्य मध्येच हलवलं, तर त्यांचा डोळा वाटेतच दिशा बदलत होता! म्हणजे उडी चालू असतानाही मेंदू हिशेब ठेवत असतो. निरोगी डोळ्यात हे टिपायला वेळच उरत नाही.

मुंबईतल्या त्या निरीक्षणाला आपल्याकडे हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही. तपासणी मात्र आजही दोन बोटांचीच आहे. घरात कुणाचा तोल जात असेल आणि नजरही संथ फिरत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका; न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.