वाणाच्या हळदीचे मोल

मकरसंक्रमणाचा पुण्यकाळ लागला की रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकवाची लगबग असते. सुवासिनींच्या कपाळी लागणारी ही हळद वर्धा जिल्ह्यास परकी नाही. समुद्रपूर तालुक्यातील वायगाव तर ‘हळद्या वायगाव’ म्हणूनच ओळखले जाते. तेथील हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. तिचा गडद रंग व उग्र दरवळ ज्यांनी अनुभवला, त्यांस अधिक सांगणे नलगे. अलीकडे महिला बचत गट हळद दळून, पुड्या बांधून विकू लागले आहेत. वाण म्हणूनही अशा पुड्या लुटल्या जातात. येथवर सारे मंगल. अडते ते पुढे. दुकानदार विचारतो, ‘ताई, ठोकात काय भावाने देता?’ आणि ताई निरुत्तर होतात.

सणाच्या पानावर बाजारभाव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या स्मृतिकारांस हा विषय कधीच त्याज्य वाटला नाही. मालाचे येणे, जाणे, तो साठवून ठेवण्याचा काळ, वाढ आणि घट हे सारे पाहून खरेदी-विक्रीचे भाव ठरवावेत, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. याज्ञवल्क्यांनी तर व्यापाऱ्याचा नफाही सांगितला: स्वदेशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर दहा. हळद, तेल, गूळ यांसारख्या जिनसांत हिणकस भेसळ करणाऱ्यास कसा दंड करावा, याचाही विचार त्याच स्मृतीत आहे. औषधी, तेल, मीठ, धान्य, गूळ इत्यादींत भेसळ केल्यास सोळा पण.

मात्र शेकडा पाचाचे ते वचन अर्धेच वाचून दुकानदाराशी वाद घालू नये. माल घेतला आणि लगेच विकला, अशा व्यापाऱ्यासाठी ते आहे. हळदीची पुडी किराण्याच्या फळीवर महिना-दोन महिने बसते, तेवढा काळ जागा आणि पैसा अडकतो. अधिक वाटा मागण्यात दुकानदाराचा अधर्म नाही. मालावर झालेला वरखर्च धरून, घेणारा व देणारा दोघांसही अनुकूल होईल असे मोल ठरवावे, हेही याज्ञवल्क्यांनीच सांगितले आहे.

आता आकड्यांकडे येऊ. सुमारे पाच किलो ओली हळद उकडून वाळवावी तेव्हा किलोभर सुकी हाती येते. दळताना थोडी उडते. शिवाय संक्रांतीच्या सुमारास विकली जाणारी पूड बहुधा गतवर्षीच्या हळदीची असते. मनूने सांगितलेला साठवणीचा काळ तो हाच. पिशवी, छापील चिठ्ठी, परवाना, एसटीचे भाडे हे धरले जाते. पण भगिनींची स्वतःची मजुरी मात्र हमखास गळते. ‘आम्ही घरच्याच’ असे त्या म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही.

समजा, मजुरीसह पाव किलोच्या पुडीस ६० रुपये पडले. गटाच्या गंगाजळीसाठी १२ मिळवले, म्हणजे ठोक भाव ७२. दुकानदार विक्रीवर शेकडा वीस मागतो. येथे पुष्कळांची गफलत होते: ७२ वर वीस टक्के चढवून छापील किंमत ८६ रुपये ४० पैसे केली, तर त्याच्या पदरी विक्रीचे वीस नव्हे, सोळा-सतरा टक्केच पडतात. खरा हिशेब ७२ ला ८० ने भागून शंभराने गुणण्याचा. किंमत ९० येते. त्यातले १८ दुकानदाराचे. ‘दहावर एक फुकट’ ही मागणी मान्य करण्यापूर्वीही कागद-पेन्सिल घ्यावी. अकरा पुड्यांचे ७२० म्हणजे पुडीस ६५ रुपये ४५ पैसे. गंगाजळीचे बारा साडेपाचांच्याही खाली आले! उद्या नागपूरचा घाऊक व्यापारी मध्ये आला, तर त्याचा वाटाही या नव्वदातूनच जायचा. छापील किमतीहून अधिक घेणे कायद्याने बंद आहे. म्हणून ती जागा आरंभीच ठेवावी. आणि गटाने प्रदर्शनात स्वतः विकतानाही नव्वदच घ्यावेत. आपल्याच दुकानदाराच्या पोटावर पाय देऊ नये.

महाग झाले तर खपणार कसे? हा प्रश्न वर्ध्यास नवा नाही. १९३४ च्या अखेरीस महात्माजींनी येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापिला. पुढच्याच वर्षी, खादी महागली तरी चालेल पण सूत कातणारीस पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी चरखा संघापुढे धरला. आठ तासांस आठ आणे ही त्यांची अपेक्षा होती. तेवढे संघास झेपले नाही. पण मजुरी वाढली, आणि खप घटेल या भीतीने ती मागे घेतली गेली नाही.

पहिला भाव फार कमी लावला की पुढे दोन रुपये वाढवतानाही दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. यास्तव, सणापुरती सूट द्यायची तर ती रथसप्तमीपर्यंतच असे लिहून द्यावी. मूळ भाव हलवू नये. नवी हळद निघून, उकडून, वाळून पुडीत पडेपर्यंत चैत्र उजाडेल. भावाचा नवा कागद तेव्हा करावा आणि त्याची एक प्रत प्रत्येक दुकानात आधी पोचवावी.