पहिला गुंतवणूकदार घरातलाच!

प्रतिनिधी
फुलचूर (जि. गोंदिया) :

गोंदिया शहर संपते न संपते तोच फुलचूर लागते. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला शहराबरोबर वाढत गेलेल्या वसाहती आणि याच परिसरात शासकीय तंत्रनिकेतन. धान, भातगिरण्या आणि तेंदूपानांच्या या जिल्ह्यात उद्योग म्हटला की गिरणी, अडत किंवा दुकान हेच चित्र वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर येत असे. आता तंत्रशिक्षण घेणाऱ्या पिढीच्या बोलण्यात 'स्टार्टअप', 'फंडिंग', 'व्हॅल्युएशन' हे शब्द रुळले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'शार्क टँक इंडिया' या कार्यक्रमाने तर गुंतवणुकीची घासाघीस थेट घरोघरीच्या बैठकीत आणून ठेवली.

मात्र पडद्यावर दिसणारा धनादेश हा त्या उद्योगातील पहिला पैसा क्वचितच असतो. त्याच्या आधी घरातील कोणीतरी काहीतरी दिलेले असते. कधी ती पत्नीची शिल्लक असते, कधी वडिलांचा भविष्य निर्वाह निधी, कधी एखादा एकर, तर कधी लांबणीवर पडलेले बहिणीचे लग्न. या गुंतवणुकीचा करार होत नाही, तिचे मूल्यांकन होत नाही आणि उद्योग बुडाला तर तिची वसुलीही होत नाही. म्हणूनच नवउद्योगातील गुंतवणुकीचा व्यवहार नेमका कसा चालतो आणि तो घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दहा हजार रुपये आणि एक निर्णय

या विषयातील सर्वांत परिचित उदाहरण पुण्याचे आहे. जुलै १९८१ मध्ये सात अभियंत्यांनी पुण्यात 'इन्फोसिस'ची स्थापना केली. त्यांचे म्होरके एन. आर. नारायण मूर्ती यांच्याजवळ भांडवल नव्हते. पूर्वी टेल्कोत अभियंता म्हणून काम केलेल्या त्यांच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी आपल्या शिलकीतून दिलेले दहा हजार रुपये हेच सुरुवातीचे भांडवल ठरले. कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, तिने ९५ रुपये दराने समभागांची सार्वजनिक विक्री केली, तेव्हा अपेक्षित मागणीही आली नव्हती. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने १३ टक्के हिस्सा घेतल्यामुळे ती विक्री तडीस गेली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

दहा हजारांची गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिच्या जोडीने घेतलेल्या दुसऱ्या निर्णयाची चर्चा तुलनेने कमी होते. पती-पत्नींपैकी एकानेच कंपनीत राहावे, असे ठरले आणि सुधा मूर्ती बाहेर राहिल्या. पात्रतेच्या दृष्टीने त्या कोणाहून कमी नव्हत्या. पुढे लेखिका म्हणून आणि इन्फोसिस फाउंडेशनच्या कामातून त्यांनी स्वतःचे स्थान निर्माण केले, ही गोष्ट वेगळी. कुटुंबीयांना कंपनीपासून दूर ठेवण्याची आपली तेव्हाची भूमिका चुकीची होती, अशी कबुली नारायण मूर्ती यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत दिली. म्हणजे जो निर्णय एका संध्याकाळी घरात झाला, त्याचा हिशेब पूर्ण व्हायला चार दशके लागली.

दुरुस्तीच्या दुकानातून

दुसरे उदाहरण फुलचूरच्या तरुणाला अधिक जवळचे वाटावे असे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे मूळ असलेले कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वाढत चालल्याचे ध्यानात आल्यावर संजय यांनी त्यावर उतारा म्हणून प्रणाली लिहिली. १९९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि याच प्रणालीच्या नावावरून २००७ मध्ये कंपनीचे नाव 'क्विक हील' झाले.

या कंपनीत सिकोया कॅपिटलने ६० कोटी रुपये गुंतवले ते २०१० मध्ये. स्थापना आणि ही गुंतवणूक यांत पंधरा वर्षांचे अंतर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या पंधरा वर्षांत मोठ्या भावाच्या दुकानाची मिळकत आणि घरच्यांचे श्रम हेच भांडवल होते. कैलास यांच्या पत्नी अनुपमा याही कंपनीच्या कामात सहभागी झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपये दराने समभागविक्री झाली आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव त्याखाली उतरला. बाजाराने केलेले मूल्यमापन दिवसाला बदलते. थोरल्याने दुकान सांभाळले म्हणून धाकटा शिकू शकला, ही गुंतवणूक मात्र कोणत्याही बाजारात नोंदवली गेलेली नाही.

कर्ज की बटई?

आता व्यवहाराकडे वळू. धानाच्या व्यापाऱ्याला कर्ज चांगले ठाऊक असते. बँक तारण घेते, व्याज लावते आणि पीक बुडाले तरी हप्ता मागते. साहस भांडवल पुरवणारा गुंतवणूकदार व्याज मागत नाही. तो कंपनीचा भागीदार होतो. त्याची तुलना बटईच्या शेतीशी करता येईल. पीक आले तर वाटा, बुडाले तर दोघांचेही नुकसान. फरक एवढाच की, बटईत वाटणी त्या हंगामाच्या पिकाची होते; येथे बांधीचीच मालकी वाटली जाते आणि ती पुन्हा परत येत नाही.

याचे गणित सोपे आहे. समजा, संस्थापकाकडे सुरुवातीला शंभर टक्के मालकी आहे. पहिल्या गुंतवणूकदाराला २० टक्के दिल्यावर त्याच्याकडे ८० उरतात. दुसऱ्या फेरीत नव्या गुंतवणूकदारासाठी पुन्हा २० टक्के काढले की ६४ आणि तिसऱ्या फेरीनंतर ५१.२. कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवायचे समभाग वेगळेच. म्हणजे तीन फेऱ्यांतच संस्थापक निम्म्यावर येऊन ठेपतो. कंपनीची एकूण किंमत वाढत गेली तर यात गैर काही नाही. मात्र ती वाढलीच पाहिजे, हे दडपण येथूनच सुरू होते.

'आधी आमचे, मग तुमचे'

दुसरी महत्त्वाची बाब अग्रहक्काची. गुंतवणूकदार बहुधा साधे समभाग न घेता अग्रहक्क भाग घेतात. कंपनी विकली गेली तर त्यांची मूळ रक्कम आधी परत करावी लागते. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. तिन्ही फेऱ्यांत मिळून ८ कोटी रुपये आले आणि कंपनी १० कोटींना विकली गेली, तर ५१.२ टक्क्यांच्या हिशेबाने संस्थापकाला ५ कोटी १२ लाख मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात गुंतवणूकदार आपले ८ कोटी आधी उचलतात आणि संस्थापकाच्या हाती उरतात २ कोटी. वर्तमानपत्रात 'कंपनी दहा कोटींना विकली' अशी बातमी येते, गावात पेढे वाटले जातात आणि घरात मात्र वेगळाच हिशेब चाललेला असतो.

तिसरी बाब संस्थापकाच्या स्वतःच्या समभागांची. ते त्याच्या नावावर असले तरी करारानुसार सामान्यतः चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतात. मधेच बाहेर पडल्यास न पिकलेला वाटा सोडावा लागतो. वडिलांचे आजारपण, मुलाचा जन्म, स्वतःची ढासळलेली प्रकृती अशा कारणांनी थांबावेसे वाटणाऱ्या माणसाला हे कलम फार जड जाते. करारावर सही करताना या प्रसंगांची चर्चा करणे अशुभ मानण्याचे कारण नाही. आजारपण व प्रसूती यांसाठी सवलतीचे कलम मागता येते आणि ते पहिल्या दिवशीच मागावे लागते.

भिंतीला पडणारे भगदाड

खासगी मर्यादित कंपनीत मालकाचे दायित्व त्याच्या भागभांडवलापुरतेच असते, असे आपण शिकतो. कंपनी बुडाली तरी घर वाचावे, याचसाठी ही भिंत कायद्याने उभारली आहे. तथापि बँकेच्या कर्जासाठी संस्थापक वैयक्तिक हमी देतो, तेव्हा तो स्वतःच्या हाताने त्या भिंतीला भगदाड पाडतो. वडील जामीन राहिले तर त्यांचे निवृत्तिवेतनाबाहेरचे सर्व काही पणाला लागू शकते.

वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आहे. भावाच्या उद्योगासाठी जमीन गहाण पडते तेव्हा सासरी असलेल्या बहिणीचा वाटाही त्यात गेलेला असतो. बरेचदा तिची सही घेतली जाते. तिचे मत विचारले जाते असे नाही.

उद्योग मोठा झाला म्हणजे घर आपोआप सुरक्षित होते, हाही गैरसमजच. 'बायजूज'चे मूल्यांकन २०२२ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलरपर्यंत गेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी संस्थापकाने आपली व कुटुंबीयांची घरे गहाण ठेवल्याचे वृत्त आले आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मूल्यांकन म्हणजे शेवटच्या गुंतवणूकदाराने लावलेला अंदाज. तो तिजोरीतील पैसा नव्हे.

घरावर भार न टाकता

अलीकडच्या काळात काही वाटा मोकळ्या झाल्या आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने 'स्टार्टअप इंडिया' मोहीम सुरू केली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतंत्र नवउद्योग धोरण जाहीर केले. २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या बीजभांडवल योजनेत ९४५ कोटींची तरतूद होती आणि नमुना तयार करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, तर पुढील टप्प्यासाठी ५० लाखांपर्यंत साह्य देण्याची सोय होती. २०१२ पासून नवउद्योगांच्या मानगुटीवर बसलेला 'एंजल टॅक्स' जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. अनुदान वा बीजभांडवल मिळविण्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि संयम लागतो. म्हणूनच अनेक जण झटपट उपलब्ध होणाऱ्या घरच्या पैशाकडे वळतात आणि तिथेच चूक होते.

बैठकीत विचारावेत असे प्रश्न

घरचा पैसा लागणारच असेल, तर तो देणाऱ्यांनी काही प्रश्न संकोच न करता विचारावेत. हा पैसा उसना आहे, देणगी आहे की भागीदारी? उसना असल्यास कागदावर मुदत लिहिली आहे का? भागीदारी असल्यास पत्नीच्या, वडिलांच्या वा बहिणीच्या नावे समभाग दिले आहेत का? वैयक्तिक हमी कोणी आणि किती रकमेची दिली? किती महिन्यांनंतर, किती तोटा झाल्यावर थांबायचे, हे ठरले आहे का? आणि घरखर्चाची किमान वर्षभराची तजवीज बाजूला काढली आहे का?

असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, अशी आपल्याकडे समजूत आहे. परका गुंतवणूकदार हेच प्रश्न विचारतो तेव्हा मात्र आपण त्याला व्यावसायिक दृष्टी म्हणतो. बाहेरच्याला जे लेखी मिळते, ते घरच्यांना तोंडीसुद्धा मिळू नये, हा न्याय कसा?

फुलचूरचा शेतकरी रोवणीसाठी कर्ज काढतो, पावसावर भरवसा ठेवतो, प्रसंगी सोने गहाण टाकतो. तरीही घरी खायचे धान तो आधी वेगळे काढून ठेवतो आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. संगणकाच्या पडद्यावर उद्योग मांडणाऱ्या त्याच्या मुलाने वडिलांकडून शिकावे असे काही असेल, तर ते हेच.