पेट्रोलची प्रत आणि घाटाचा चढ

मोटारीत ‘वरच्या प्रतीचे’ पेट्रोल घातले म्हणजे तिची शक्ती वाढते, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः पेट्रोलची ही प्रत त्याच्या सामर्थ्याची नव्हे, तर सहनशीलतेची निदर्शक होय.

एंजिनात हवा व इंधनबाष्प यांचे मिश्रण दट्ट्याने दाबून ठिणगीने पेटवितात. ज्योत क्रमाक्रमाने पसरावी, ही अपेक्षा असते. परंतु दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते, आणि धातूवर घाव पडावेत तसा आवाज उमटतो. या स्वयंप्रज्वलनास होणारा इंधनाचा विरोध ऑक्टेन अंकाने मोजतात. आयसोऑक्टेनाचा अंक १०० व सरळ साखळीच्या हेप्टेनाचा ० मानलेला आहे. ९१ अंकाचे पेट्रोल या दोहोंच्या ९१:९ मिश्रणाप्रमाणे वागते.

सावंतवाडीहून आंबोलीस, म्हणजे सुमारे ७०० मीटर उंचीवर, जाणाऱ्या रस्त्यावर याची परीक्षा होते. भरलेली मोटार मंद गतीने चढ चढू लागली, की सिलिंडरातील दाब व उष्णता वाढतात आणि सपाटीवर लपलेला दोष कानी पडतो. आधुनिक मोटारीत हा आघात ओळखून ठिणगी किंचित उशिरा पाडण्याची योजना असते. एंजिन बचावते, पण चढावर शक्ती घटते. जुन्या एंजिनात ही सोय नसल्याने आघात चालूच राहिल्यास दट्ट्याचा माथा खचतो. उलटपक्षी, ९१ अंकासाठी योजलेल्या एंजिनात ९५ अंकाचे पेट्रोल घातल्याने विशेष लाभ होत नाही.

इथेनॉलच्या उदाहरणाने हा भेद अधिक स्पष्ट होतो. त्याचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक, परंतु दर लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. भारतात २०२५ साली पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. अशा इंधनात दर लिटरमागे सुमारे ७ टक्के उष्णता कमी मिळते, हे साध्या गणितावरून दिसते. शिवाय जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व वेष्टने इथेनॉलने खराब होऊ शकतात. कोकणातील पावसाळ्यात आणखी एक धोका संभवतो : टाकीत पुरेसे पाणी शिरल्यास इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसते, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा अंक खाली येतो. योग्य इंधन भरूनही मग एंजिनास हलके इंधन मिळते.

सारांश, इंधनाची प्रत एंजिनाच्या गरजेशी जुळणे हेच महत्त्वाचे. ती गरज निर्मात्याच्या पुस्तिकेत नमूद असते. पंपावरील अधिक दरावरून ती ठरत नाही.