विश्लेषण : नवोदयमध्ये शिकलेल्याला पुन्हा नवोदयमध्येच शिक्षक होता येते का?

लातूर-नांदेडकडे पाचवीतले मूल जरा हुशार निघाले, की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘नवोदयला बसवलं का?’ परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून तयारीचे क्लास, सराव परीक्षा, सुट्टीतल्या बॅचेस असे सगळे चालते. या शाळेत सात वर्षे राहून बाहेर पडलेल्यांपैकी काहींना पुढे तिथेच शिकवायला जावेसे वाटते. ‘माजी विद्यार्थी म्हटल्यावर प्राधान्य असेलच ना?’ असे ते गृहीत धरतात. तसे काहीही नसते.

नवोदयचे जाळे किती मोठे?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना देशभर गेली. १९८५-८६ मध्ये सुरुवातीच्या दोन शाळा उघडल्या, एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आज मंजूर शाळांची संख्या ६५० च्या पुढे आहे. तमिळनाडूने मात्र ही योजना स्वीकारलेली नाही. मराठवाड्यात लातूरची शाळा, नांदेडची शंकरनगर (ता. बिलोली), धाराशिवची तुळजापूर, बीडची गढी आणि छत्रपती संभाजीनगरची कन्नड येथे आहे. सहावी ते बारावी निवासी शिक्षण आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, ही तिची ओळख.

या सर्व शाळा केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील नवोदय विद्यालय समिती चालवते. महाराष्ट्रातील शाळा समितीच्या पुणे विभागीय कार्यालयाखाली येतात, गुजरात आणि गोव्याच्या शाळांसोबत. त्यामुळे शिक्षक ‘लातूर नवोदय’चा नोकर नसतो, तो समितीचा असतो. पुढचे सगळे नियम यातूनच येतात.

पात्रता काय लागते?

सहावी ते दहावीसाठी टीजीटी आणि अकरावी-बारावीसाठी पीजीटी अशी पदे असतात. टीजीटीला संबंधित विषयातील पदवी, बीएड आणि सीटीईटी उत्तीर्ण असणे लागते. पीजीटीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड. वयोमर्यादा साधारण ३५ आणि ४० वर्षे, राखीव गटांना नियमानुसार सूट. मूळ वेतन टीजीटीला ४४,९०० आणि पीजीटीला ४७,६०० रुपयांपासून सुरू होते. निवड अखिल भारतीय परीक्षेतून होते. २०२५ मध्ये तर केंद्रीय विद्यालय संघटनेसोबत एकत्रित जाहिरात निघाली आणि परीक्षेचे काम सीबीएसईकडे गेले.

आमच्यासारख्या इंजिनिअरांची इथे अडचण होते. टीजीटी गणितासाठी पदवीला गणित हा मुख्य विषय लागतो, बीई तिथे सहसा चालत नाही. संगणकशास्त्राच्या पदाला संबंधित शाखेचा इंजिनिअर अर्ज करू शकतो.

मग माजी विद्यार्थ्याला फायदा कशाचा?

नियमात कशाचाच नाही, प्रत्यक्षात भाषेचा. हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांतून शिकवता येणे अपेक्षित असते आणि मराठी माध्यमाच्या अनेक उमेदवारांचे गाडे इथेच अडते. नवोदयचा विद्यार्थी मात्र सुरुवातीची वर्षे मराठीतून शिकून पुढे विज्ञान-गणित इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत शिकलेला असतो. शिवाय नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातील जोडशाळेत पाठवतात आणि तिकडची मुले इकडे येतात. चौदाव्या वर्षी परप्रांतात वर्ष काढलेल्याला हिंदीतून तास घेणे फारसे जड जात नाही.

नेमणूक लातूरलाच मिळेल?

बहुधा नाही. निवड देशपातळीवर होते, त्यामुळे पहिली नेमणूक कुठल्याही राज्यात होऊ शकते. घरी म्हातारे आई-वडील, दोन एकर कोरडवाहू आणि नोकरी हजार किलोमीटरवर, हा हिशेब अर्ज भरण्याआधीच मांडलेला बरा. मराठीच्या शिक्षकाला राज्यातच राहण्याची आशा थोडी जास्त असते, कारण तिसरी भाषा म्हणून मराठी मुख्यतः महाराष्ट्रातील शाळांत शिकवली जाते. पण महाराष्ट्राशी जोडलेल्या हिंदी पट्ट्यातील शाळांनाही मराठीचा शिक्षक लागतो.

घराजवळचा दुसरा रस्ता कंत्राटी भरतीचा. रिक्त जागांसाठी विभागीय कार्यालय जाहिरात काढते. अलीकडच्या जाहिरातींत मानधन दरमहा सुमारे ३४ ते ३६ हजार रुपये होते. नेमणूक मात्र त्या शैक्षणिक वर्षापुरतीच.

परत गेल्यावर काम तेच राहते का?

विद्यार्थी म्हणून पाहिलेला शिक्षक वर्गात आणि मैदानावर दिसलेला असतो. त्याची रात्र मुलांना दिसत नाही. नवोदयमध्ये शिक्षकाला आवारातच राहावे लागते. हाऊस मास्टर झाला तर सकाळची हजेरी, संध्याकाळचा अभ्यास तास, मेसमधल्या तक्रारी आणि अकरा वर्षांचे नवे पोर घरच्या आठवणीने रडत बसले तर त्याच्याजवळ बसणे, हे सगळे त्याच्याच वाट्याला येते. कुणाला रात्री ताप आला तर दवाखान्यातही तोच नेतो. स्वतःची मुले शेजारच्या क्वार्टरमध्ये वाट पाहत असतात. हॉस्टेलच्या आठवणींवर जाऊन अर्ज भरणाऱ्यांनी एखाद्या हाऊस मास्टरशी तासभर बोलून घ्यावे, असे मला वाटते.

खासगी संस्थेत हे सोपे नाही का?

एकेकाळी होते. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील वसतिगृहाचे विद्यार्थी. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते रयत शिक्षण संस्थेतच परतले, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. आज अनुदानित खासगी शाळेलाही परस्पर ‘आपला मुलगा’ घेता येत नाही. ‘टेट’नंतरची ‘टेट’सारख्याच नावाची ‘टीएआयटी’ परीक्षा आणि पवित्र पोर्टल यांतूनच जावे लागते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची, माध्यमिकला मानधन १८ हजार रुपये. शाळेशी जुने नाते असले तरी गुणवत्ता यादीत त्याला रकाना नाही.

नोकरी न करताही परतणारे आहेतच. मेळाव्याला येऊन दहावीच्या मुलांशी दोन तास बोलतात, पुस्तके देतात. त्यासाठी प्राचार्यांची परवानगी पुरते. नोकरीचा विचार पक्का असेल, तर सीटीईटी आधी उरकून ठेवावी. तिचे प्रमाणपत्र आता आजन्म वैध असते, भरतीच्या जाहिरातीला मात्र ठरलेले वेळापत्रक नसते.